घशाची चिठ्ठी

चिठ्ठी वाचून झाली तेव्हा सगळे हसले आणि तोही हसला. पण हसू ओसरायच्या आत त्याचा हात आपसूक गळ्याकडे निघाला आणि वाटेतच थांबला. प्रशिक्षण द्यायला आलेल्या मॅडम पुढच्या चिठ्ठीची घडी उलगडत होत्या. मघाचा मजकूर त्यांनी अगदी सपाट आवाजात, सामानाची यादी वाचावी तसा वाचला होता. "शेजारच्या टेबलावरचा माणूस दर दोन मिनिटांनी घसा खाकरतो. मला ते मोजायची सवय लागली आहे. खाकरला की राग येतो, आणि नाही खाकरला तर पुढच्या खाकरण्याची वाट बघण्यात काम होत नाही. कधी कधी वाटतं, त्याच्या तोंडात बोळा कोंबावा आणि शांतपणे जेवायला जावं." खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. पांढऱ्या फळ्यावर मॅडमच्या मोठ्या अक्षरात 'कामाचा ताण : ओळख आणि उपाय' असं लिहिलं होतं. चहाचे कप ज्यातून आले होते तो पुठ्ठ्याचा खोका मॅडमच्या मांडीवर होता. प्रत्येकानं आपल्याला कशाचा ताण येतो ते एका चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, त्यात टाकायचं होतं. "ओळखायचा प्रयत्न करू नका," त्या सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा तीन-चार जणांनी त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले होते. कारण ओळखणं हाच त्याचा धंदा होता. त्या निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात तो एकतीस वर्षं सह्या ओळखत होता. गळ्यात काळ्या दोरीला भिंग असायचं, म्हणून सगळे त्याला भिंगकाका म्हणत. आता ते भिंग छातीवर नेहमीपेक्षा जड लागत होतं, आणि घशात, नेमक्या त्या जागी, कापसाचा तंतू अडकावा तसं काहीतरी होतं. खाकरावं तर सगळे वळून बघणार. त्यानं आवंढा गिळला. तंतू तिथेच होता.

शेजारचं टेबल म्हणजे ताईचं. वयानं वीस वर्षांनी मोठा असून तोही तिला ताईच म्हणायचा, कारण सगळे म्हणायचे. सह्यांच्या विभागात माणसं दोनच, तो आणि ताई. मध्ये हातभर अंतर, आणि त्या अंतरात एका तिवईवर फोन. दरवर्षी हजारो म्हातारी माणसं आपण जिवंत असल्याचे दाखले सही करून पाठवत, आणि या दोघांनी ती सही जुन्या नमुना कार्डावरच्या सहीशी ताडून बघायची. हात थरथरतो, नजर जाते, सही दरवर्षी थोडी थोडी ढासळत जाते. पण ढासळणारी सही आणि सुनेनं केलेली सही यांत फरक असतो, आणि तो फरक दिसायला कागद उलटा धरावा लागतो. हे त्यानंच ताईला शिकवलं होतं, ती नवीन आली तेव्हा, सात वर्षांपूर्वी. "सरळ धरला की आपण नाव वाचतो. नाव वाचलं की माणूस दिसायला लागतो. आणि माणूस दिसला की सही दिसेनाशी होते. म्हणून कागद आधी उलटा करायचा." ताईनं लगेच दोन कागद उलटे करून बघितले होते आणि लहान मुलीसारखी हसली होती. "काका, हे तर चालताना पाय दिसावेत तसं दिसतं." त्याला ते इतकं आवडलं होतं की पुढे दोन-तीन ठिकाणी त्यानं ते स्वतःचं म्हणून सांगितलं. आणि तीच ही. सात वर्षं मोजत बसली होती. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. ताई खाली बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शरमेनं, दुसरं काय.

त्यानंतर दोन-तीन चिठ्ठ्या कशाच्या होत्या ते त्याला ऐकूच आलं नाही. मग मॅडम थबकल्या, त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि त्यांनी वाचलं, "साहेबांचा हयातीचा दाखला यंदा माझ्या टेबलावर यावा. मी तो खोटा ठरवीन." यावेळी हसण्याचा फटाकाच फुटला. मागच्या रांगेतलं कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. पहिल्या खुर्चीत बसलेले साहेबही हसले, सगळ्यांत उशिरा हसले आणि सगळ्यांत उशिरापर्यंत हसत राहिले. त्यांचे कान मात्र शेंदरी झाले होते. ही चिठ्ठी त्याची स्वतःची होती. डाव्या हातानं लिहिलेली. लिहिताना त्याला इतकी गंमत वाटली होती की पायाचे अंगठे चपलांत आखडले होते. तीस वर्षं जमवलेला विनोद एकदाचा बाहेर पडला असं वाटलं होतं. आणि आता तो सगळ्यांना आवडला तर त्याला त्याची चवच लागली नाही. तोंडात बोळा होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "या चिठ्ठ्या आता फाडून टाकू." "द्या इकडे, मी टाकतो ना," साहेब म्हणाले आणि खोका काखेत मारून केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी घरी बायको भाजी निवडत होती. तो समोर बसला आणि, जणू सहजच, म्हणाला, "मी घसा खाकरतो का गं?"

बायकोनं वर बघितलं. "आत्ता कळलं?"

"म्हणजे खाकरतो?"

"लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, तुम्ही हाक मारताय. स्वयंपाकघरातून ओ देत यायचे मी. तुम्ही आपले पुस्तकात. मग परत जायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? श्वास घेऊ नका म्हणू?" तिनं एक किडका देठ बाजूला टाकला. "आणि आता नाही आला आवाज तर मीच बघून जाते, आहात की गेलात."

ती हसली, त्याला हसता आलं नाही. अंथरुणावर पडल्यावर तो आपल्या घशाकडे कान लावून राहिला. आपला आवाज आपल्याला एकतीस वर्षं ऐकू आला नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? लोकांच्या सहीतला केसाएवढा थरकाप आपल्याला दिसतो. मग त्याला ताईच्या जुन्या गोष्टी आठवू लागल्या, आणि एकदा आठवायला लागल्यावर त्या सगळ्या एकाच बाजूला कलू लागल्या. एकदा त्यानं तिला आपल्या कारकिर्दीतली सगळ्यांत अवघड सही सांगितली होती. एका निवृत्त शिक्षकाची सही त्यानं लागोपाठ तीन महिने नाकारली होती, कारण ती त्या माणसाची नव्हतीच. चौथ्या महिन्यात त्या शिक्षकाच्या मुलानं बापाला पाठीवर घेऊन दोन जिने चढवले आणि त्याच्या टेबलासमोर खुर्चीत ठेवलं. उजवी बाजू पूर्ण लुळी. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं सही केली. त्यानं कागद उलटा धरला आणि त्याला लख्ख दिसलं: वळणं सगळी मोडलेली, पण दाब तोच, जिथे पूर्वी हात टेकायचा तिथेच टेकलेला. "हात बदलला तरी माणूस लपत नाही, ताई. दाब लपत नाही." त्याला वाटलं होतं ती थक्क होईल. ती म्हणाली, "पण काका, त्या तीन महिन्यांत ते जेवले काय?" तेव्हा त्यानं घसा खाकरून विषय बदलला होता. खाकरलाच असणार. तिनं तेही मोजलं असणार.

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं, त्यातून चिठ्ठ्यांच्या कडा दिसत होत्या.

"बसा, काका. चहा?"

"नको, साहेब."

"घ्या हो. ताण घेऊ नका." साहेब स्वतःच्याच बोलण्यावर हसले. "हे बघा, मला राग आलेला नाही. गंमत म्हणून विचारतोय. दाखला खोटा ठरवण्याची भाषा तिसऱ्या माणसाला सुचायची नाही. तुमच्या विभागात माणसं किती?"

"दोन."

"दोन." साहेबांनी पाकीट पुढे सरकवलं. "दोघांपैकी कोण, ते तुम्ही सांगा. तुमच्याइतका जाणकार माणूस मी कुठून आणू? संध्याकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल. सही करून द्या, नेहमीसारखं."

तो पाकीट घेऊन टेबलावर आला तेव्हा ताई जागेवर नव्हती. साडेबारा ते एक ती घरी जायची. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, आणि घरात तिची आई. आईला आता कशाचीच आठवण राहत नव्हती. दार उघडं सापडलं की चालू लागायची, म्हणून ताई बाहेरून कुलूप लावून यायची, दुपारी जाऊन तिला जेवू घालायची आणि पुन्हा कुलूप लावून परत यायची, दहा मिनिटं उशिरा, धापा टाकत. ती दहा मिनिटं तो सांभाळून घ्यायचा. आईच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं, मुलीचं नावसुद्धा. या तिवईवरच्या फोनचा नंबर तेवढा, कसा कोण जाणे, पक्का राहिला होता. दिवसातून दोन-तीनदा फोन वाजायचा. ताई रिसीव्हर उचलून हळू आवाजात म्हणायची, "हो, मीच. नाही, चोर नाही आलेत. दार बंद आहे म्हणजे कोणी येणार नाही. मी येते हं." दर वेळी तेच शब्द, तोच आवाज, जरासुद्धा न चिडता. त्याला कधी कधी त्या आवाजाचा हेवा वाटायचा. असं कोणी आपल्याशी कधी बोललं का?

त्यानं चिठ्ठ्या काढल्या. सतरा निघाल्या. खुर्च्या चौदा होत्या हे त्याला माहीत होतं, कारण त्या मांडताना त्यानंच मदत केली होती. तिघांनी दोन-दोन टाकल्या असतील, असं म्हणून तो पुढे गेला. पहिल्यांदा त्यानं स्वतःची चिठ्ठी उलटी धरली. ती सही असल्यासारखी त्याची होती. अक्षरं वेडीवाकडी, पण दाब! प्रत्येक शब्दाच्या शेवटी कागदाला खळगा. कोणी जाणकारानं बघितलं तर क्षणाचाही वेळ लागणार नाही, आणि जाणकार जगात दोनच होते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. साहेब त्याला लगेच काढणार नव्हते. ते असे नव्हते. ते रोज थोडं थोडं काढतील. त्याचे कागद परत पाठवतील, त्याच्या निर्णयांवर दुसऱ्याचं मत मागतील, निरोपाच्या दिवशी भाषणात ही चिठ्ठी वाचतील. आणि लोक पुन्हा हसतील. पुढची चिठ्ठी त्यानं उचलली, ती उलटी धरली आणि अर्ध्या श्वासात ओळखली. ती ताईची होती. मग सरळ करून वाचली. "रोज सकाळी एका माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावते. दिवसभर किल्ली टोचते." ताई काल मान खाली घालून बसली होती ती या चिठ्ठीसाठी, असं त्याच्या मनात आलं. आलं आणि तिथे उभं राहिलं, दारात पाहुणा उभा राहावा तसं. त्यानं त्याला आत या म्हटलं नाही.

कारण घशाची चिठ्ठी खाली होतीच. ती त्यानं सरळ धरली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एखादा कागद त्यानं आधी सरळ धरला, आणि धरताना आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. बोळा. कोंबावा. शांतपणे जेवायला जावं. जेवायला कोण जातं? साडेबाराला चपला फटफटवत कोण जातं? नाव वाचलं की माणूस दिसतो. इथे नाव नव्हतं तरी त्याला माणूस दिसला, पदर बोटाला गुंडाळणारा. सवयीनं हातानं कागद फिरवलाच, आणि क्षणभर, अगदी डोळ्याची पापणी लवेपर्यंत, त्याला काहीतरी वेगळंच दिसलं: शिरोरेघ शब्दाच्या खूप आधी सुरू होत होती, उंबरठ्याबाहेर काढलेल्या पायासारखी. ताई शिरोरेघ शब्द संपल्यावर देते, तीही तुटक. हे डोळ्यानं सांगितलं. त्यानं डोळ्याला सांगितलं, गप्प बस. कागद पुन्हा सरळ केला. मग त्यानं कुलपाची चिठ्ठी चौघडी करून शर्टाच्या खिशात घातली, भिंगामागे, आणि साहेबांना द्यायच्या कागदावर लिहिलं की दाखल्याची आणि घशाची या दोन्ही चिठ्ठ्यांचं हस्ताक्षर एकाच व्यक्तीचं असून ते अमुक टेबलावरच्या कर्मचारी महिलेच्या हस्ताक्षराशी जुळतं. खाली सही केली. सही छान आली.

तिला बोलावलं तेव्हा साहेबांनी त्यालाही थांबायला सांगितलं. "ताई, काकांनी ओळखलं हो तुम्हाला," साहेब म्हणाले, एखाद्या लपाछपीत पकडल्यासारखं. ताईला आधी काही कळलंच नाही. मग साहेबांनी दाखल्याची चिठ्ठी पुढे केली. तिनं ती हातात घेतली, न वाचता उलटी केली, खिडकीकडे वळून उजेडात धरली आणि बघत राहिली. तिचा अंगठा एका शब्दाच्या शेवटच्या खळग्यावरून फिरला. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. एखाद्या दाखल्यावरची सही शेवटी खोटी निघावी आणि आता तो म्हातारा कधीच मेला असणार हे कळावं, तेव्हा ती जशी कार्डाकडे बघायची, तसं ते बघणं होतं.

"तुम्हाला हे मान्य नसेल तर दुसरं मत घेऊ," साहेब म्हणाले.

"कोणाचं, साहेब?" ताईनं चिठ्ठी टेबलावर ठेवली, सरळ बाजू वर करून. "वादातल्या सह्या शेवटी काकांकडेच येतात ना?"

त्याच वेळी त्याला खाकरायचं होतं. छातीतून ते वर आलं, घशापर्यंत आलं; त्यानं दोन्ही ओठ मिटून ते गिळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ताईनं ते पाणी बघितलं. तिचा काय समज झाला असेल, या विचारानं तो पुढे कितीतरी दिवस सुखावत राहिला आणि लाजतही राहिला.

तिची बदली जुन्या कागदांच्या गोदामात झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. जाताना तिनं ड्रॉवर रिकामा केला, एक टाचणीची डबी त्याच्या टेबलावर ठेवली. "तुमचीच आहे. कधीतरी घेतली होती." आईचं काय करणार, हे त्यानं विचारलं नाही. दुपारी घरी येणं आता शक्य नाही, हे त्याला माहीत होतं. किल्ली कोणा शेजारणीकडे ठेवली असेल, शेजारणी असतात, असं त्यानं ठरवून टाकलं.

फोन मात्र वाजत राहिला. पहिल्या दिवशी त्यानं उचलला. पलीकडे बारीक, घाईचा आवाज होता. "दार उघडत नाही. आहे का ती?" "नाही," तो म्हणाला. "कधी येईल?" तो म्हणाला, "येईल." मग त्यानं घसा खाकरला आणि म्हातारी एकदम खूश होऊन म्हणाली, "आलात का तुम्ही? मग मला भीती नाही." कोणाला म्हणाली, कोण जाणे, मेलेल्या नवऱ्याला बहुतेक. त्यानं रिसीव्हर असा ठेवला, जणू तो तापलेला होता. त्यानंतर तो उचलेनासा झाला. आठ-दहा वेळा वाजून फोन आपोआप थांबायचा. विभागात तो एकटाच होता, आणि आता हवं तेवढं खाकरायला त्याला मोकळीक होती. पण घसा कोरडा ठणठणीत पडला होता, खाकरायलासुद्धा काही येत नव्हतं.

सहा आठवड्यांनी मॅडम पुन्हा आल्या. यावेळी खुर्च्या तेरा होत्या, आणि सभागृहाला रंग लावायचं चाललं होतं म्हणून त्या सह्यांच्या विभागातच मांडल्या होत्या. साहेबांनी सुरुवातीला सांगितलं की मागच्या सत्राचा फारच उपयोग झाला, वातावरण निवळलं. मॅडम खूश होऊन फळ्याकडे वळल्या आणि लिहू लागल्या: 'ताण कमी झाला का?' शिरोरेघ त्यांनी आधी ओढली, लांबलचक, पहिल्या अक्षराच्या कितीतरी अलीकडून, उंबरठ्याबाहेर पाय काढून, आणि मग तिला अक्षरं टांगली. तो बघत राहिला. कागद उलटा करायची गरजच नव्हती. सहा आठवड्यांपूर्वीसुद्धा ते अक्षर फळ्यावर असंच टांगलेलं होतं, हातभर उंचीचं, दोन तास.

"आता तुम्हाला एक गुपित सांगते," मॅडम वळून म्हणाल्या. "मागच्या वेळी मी माझ्या तीन चिठ्ठ्या तुमच्यात मिसळल्या होत्या. नेहमीच मिसळते. म्हणजे कोणाची कोणती, हे कळू नये. ती घशाची आठवते? ती माझीच. मी ती प्रत्येक ऑफिसात वाचते." त्या हसल्या. "आणि गंमत सांगू? प्रत्येक ऑफिसात एक जण तरी गळ्याला हात लावतोच."

सगळे हसले. साहेब त्याच्याकडे बघून हसले. हसता हसता त्यांनी मान किंचित तिरकी केली, चष्म्यातून कागद न्याहाळावा तशी, आणि मग पुन्हा मॅडमकडे वळले. खिशातली चौघडी छातीला टोचली. ती त्यानं फाडली नव्हती. का नव्हती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"डोळे मिटा," मॅडम म्हणाल्या. "खांदे सैल सोडा. श्वास आत... आणि बाहेर."

बाकीच्या बारा जणांनी डोळे मिटले. त्यानंही मिटले. तिवईवरचा फोन वाजू लागला.

कोणाची तरी खुर्ची करकरली. "वाजू द्या," मॅडमचा आवाज मऊ झाला होता. "हाच तर सराव आहे. प्रत्येक फोन आपल्यालाच उचलायचा नसतो. जगाला थोडं थांबू द्या. आत... आणि बाहेर."

फोन हातभर अंतरावर होता. त्याच्या प्रत्येक घंटीगणिक तिवईचा एक लंगडा पाय फरशीवर थरथरत होता, ते त्याला पायातून कळत होतं. आठ-दहा वेळा वाजून तो थांबायला हवा होता. पण आज तो थांबला, आणि लगेच पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. कुठेतरी दोन गल्ल्या पलीकडे एक बोट तेच आकडे न चुकता दाबत होतं, इतक्या पक्क्या आठवणीनं की ते उलटे धरले तरी ओळखू आले असते. त्याच्या घशात, किती दिवसांनी, तंतू हलला. नुसता एक आवाज केला तरी पलीकडे पोचला असता. पण त्यासाठी हात लांबवावा लागला असता, आणि साहेबांचे डोळे खरोखर मिटलेले आहेत की नाही हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं ओठ घट्ट मिटले.

"छान," मॅडम म्हणाल्या. "काकांकडे बघा, किती शांत बसलेत. बाहेर..."

त्यानं श्वास बाहेर सोडला.